उभ्या गाडीचा शिधा

जी वस्तु रोज वापरांत असते तिच्याकडे घरांतील कोणाचें ना कोणाचें लक्ष जातेंच. जातें बोथट झालें कीं त्याला टाकी लावली जाते, रहाटाचा दोर झिजला कीं तो बदलला जातो. परंतु जी वस्तु वर्षांतून चार दिवसच कामास येते, ती उरलेल्या दिवसांत न वापरल्यामुळेंच बिघडते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बॅटरी ही अशा वस्तूंपैकीं एक होय.

सन २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून चाकांवरच्या घरांची चर्चा आपल्याकडेहि होऊं लागली आहे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत अशा घरानें जाण्यासारखीं ठिकाणें आहेतच. मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ आहे, तेथें यशवंत तलावाची शोभा पाहावी. आमच्या पुतण्यानें जीपच्या मागें जोडण्याची अशी एक ओढगाडी करवून घेतली आहे. तींत हौसेपेक्षां गरज मोठी. त्याच्या मातोश्री, म्हणजे आमच्या वहिनी, मधुमेही आहेत. त्यांच्या इन्सुलिनचा सांठा दोन ते आठ अंशांत ठेवावा लागतो, आणि निजतांना श्वासाचें यंत्र लावावें लागतें. हीं दोन्ही कामें प्रवासांत एका बॅटरीवर चालावयाचीं.

हिशेब कठीण नाहीं. त्या गाडींतील लहान फ्रीज सरासरीनें दोन अँपिअर व श्वासाचें यंत्र तीन अँपिअर वीज घेतें. रात्रीं दहापासून सकाळीं सातपर्यंत नऊ तास धरले तर पंचेचाळीस अँपिअर-तास झाले. बॅटरी शंभर अँपिअर-तासांची आहे. शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक वीज काढूं नये हा नियम पाळला तरी पन्नास मिळतात, म्हणजे रात्र निभते. परंतु हयगयीनें तिची धारणाशक्ति अर्धी उरली असेल, तर त्याच नियमानें पंचवीसच हातीं येतात, आणि पहाटे तीनच्या सुमारास, डोंगरावर, अंधारांत, हिशेब संपतो. चार्जर कोणता घ्यावा हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा होय.

शिशाची बॅटरी १८५९ सालीं फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते यांनीं शोधून काढली, आणि तिचा मूळ धर्म अद्याप पालटलेला नाहीं. वापर नसला तरी ती आंतल्या आंत झिजते. साध्या बॅटरीची महिन्याला शेंकडा पांच किंवा अधिक वीज अशी जाते, आणि उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं ही गळती सुमारें दुप्पट होते. वैशाखांत आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हां पत्र्याच्या छपराखालीं काय होत असेल याची कल्पना करावी. वीज उतरली कीं पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. तें लवकर काढलें नाहीं तर त्याचे कठीण स्फटिक होतात, आणि मग कितीहि वीज भरा, तेवढी जागा मेलेलीच राहते.

हा उपासाचा दोष झाला. अतिभोजनाचा दोष याच्या उलट आहे. आमच्या पुतण्यानें बाजारांतून पहिला चार्जर आणला तेव्हां म्हणाला, “काका, बारा व्होल्टांचा आहे, झालें कीं!” दुकानदारानेंहि तितकेंच सांगितलें होतें. परंतु त्या चार्जरला थांबणें ठाऊक नव्हतें. तीन आठवडे तो वीज ओतीत राहिला. आंतील पाणी वायुरूपानें उडून गेलें, पट्ट्या उघड्या पडल्या, आणि नवी बॅटरी उन्हाळ्यापूर्वींच गेली. योग अति खाणार्‍याला साधत नाहीं आणि मुळींच न खाणार्‍यालाहि साधत नाहीं, असें गीतेच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. बॅटरीलाहि तें जसेंच्या तसें लागूं पडतें.

म्हणून चार्जर घेतांना व्होल्टांपलीकडे आणखी गोष्टी विचाराव्या. पहिली, तो किती पायर्‍यांनीं वीज भरतो. प्रथम भरपूर प्रवाह, नंतर साडेचौदा व्होल्टांच्या आंत स्थिर दाब, आणि बॅटरी भरली कीं आपोआप साडेतेराच्या आसपास उतरून नुसतें राखण, असा क्रम हवा. दुसरी, त्यावर आपल्या जातीची बॅटरी निवडण्याची सोय आहे कीं नाहीं. पाण्याची, जेलची आणि लिथियमची अशा तिघींचें पथ्य निरनिराळें आहे. लिथियमच्या बॅटरीला असें सततचें राखण लागत नाहीं; तिला अर्धवट भरून थंड जागीं ठेवणें बरें. तिसरी, उष्णतेनुसार दाब बदलतो कीं नाहीं. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला बारा व्होल्टांच्या बॅटरीचा दाब सुमारें दोन शतांश व्होल्टानें उतरावा लागतो. म्हणजे चाळीस अंशांवर तीन दशांशांनीं. आमच्यासारख्या उष्ण मुलखांत ही सोय चैनीची नव्हे.

चौथी गोष्ट फारसें कोणी विचारीत नाहीं, पण आमच्या मतें ती सर्वांत महत्त्वाची. वीज गेली आणि परत आली, तर चार्जर आपला आपण सुरू होतो काय? कांहीं चार्जर पुन्हा बटण दाबीपर्यंत मुके बसतात. घरधनी पुण्यास मुलाकडे गेलेला असावा, दुसर्‍याच दिवशीं वीज खंडित व्हावी, आणि परतल्यावर मृत बॅटरी हातीं यावी! दुकानांतच एकदां तार काढून, पुन्हा लावून पाहावी.

आकार फार मोठा नको. रिकामी बॅटरी भरावयाची तर धारणाशक्तीच्या दशांश, म्हणजे शंभराला दहा अँपिअर, हा मेळ बरा. नुसतें राखण करावयाचें तर दोन ते पांच अँपिअर पुरतात. छपरावर सूर्यपत्रा बसविला तर त्यालाहि नियंत्रक हवाच, आणि गाडी सावलींत उभी असेल तर त्याचा उपयोग नाहीं. चार्जर कितीहि शहाणा असला तरी पाण्याच्या बॅटरीचें पाणी महिन्यानें पाहावें, ऊर्ध्वपातित पाणीच घालावें, आणि तेथें दिवा वा काडी नेऊं नये. वीज भरतांना निघणारा हायड्रोजन ज्वालाग्राही असतो. इन्व्हर्टर असलेल्या घरांनींहि पाण्याचा व दिव्याचा हा नियम पाळावा.

शेवटीं एक परीक्षा. चार्जर काढून बॅटरी रात्रभर विसावूं द्यावी व सकाळीं मोजावी. बारा व्होल्ट सहा दशांश किंवा किंचित् अधिक आले तर ती भरलेली, बारा व्होल्ट दोन दशांश आले तर निम्मी. परंतु आंकडा भरला म्हणजे शक्ति शाबूत आहेच असें नाहीं. जीर्ण बॅटरीहि क्षणभर तोच आंकडा दाखविते. म्हणून प्रवासापूर्वीं आठ दिवस, गाडी अंगणांतच उभी असतां, फ्रीज व यंत्र तिच्यावर एक पुरी रात्र चालवून पाहावें. पहाटे तीन वाजतां बंद पडावयाचें असेल तर तें अंगणांत पडावें. तेथें शेजार जागा होतो, तोरणमाळच्या माथ्यावर नाहीं.