निनियन आणि एक ‘म्हणे’

१/ स्कॉटलंडच्या नैऋत्य टोकाला, गॅलोवे प्रांतात, व्हिटहॉर्न नावाचे लहान गाव आहे. बिशप निनियनचे हे स्थान. फोर्थच्या खाडीपलीकडे राहणाऱ्या पिक्ट लोकांपैकी दक्षिणेकडच्यांना त्याने ख्रिस्ती धर्म दिला, अशी त्याची ख्याती.

२/ त्याच्याविषयीचा सर्वांत जुना वृत्तान्त बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने इ.स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासग्रंथात आहे; तोही मोजक्या ओळींचा. निनियन मूळचा ब्रिटन लोकांपैकी, रोममध्ये शिकलेला. त्याने व्हिटहॉर्नला दगडी चर्च बांधले. ब्रिटनांत तशी रीत नव्हती, म्हणून त्या जागेला ‘शुभ्र घर’ हे नाव पडले.

३/ या ओळींत मला सर्वांत मोलाचे वाटतात ते दोन लॅटिन शब्द : ‘उत पेरहिबेंत’. मराठीत त्यांसाठी एकच नेमका शब्द आहे, ‘म्हणे’. पिक्टांनी फार पूर्वीच हा धर्म स्वीकारला, म्हणे. बीडने ऐकलेले लिहिले, आणि ते ऐकीव आहे हेही लिहून ठेवले.

४/ बाराव्या शतकात एलरेड या मठाधिपतीने निनियनचे चरित्र रचले. त्यात तूरचा संत मार्टिन निनियनला गवंडी देतो, चमत्कार घडतात, आणि ‘म्हणे’ गळून पडते. मार्टिनचा मृत्यू ३९७ मधला. निनियनचा काळ ‘इ.स. ४०० च्या सुमारास’ धरला जातो, तो मुख्यतः याच कथेवरून. घटना जितकी दूर गेली, तितकी खात्री वाढली!

५/ २००१ मध्ये अभ्यासक टॉमस क्लॅन्सी यांनी मांडले की, ‘निनियन’ हे नावच नकलाकाराच्या चुकीतून आले असावे; मूळ पुरुष सहाव्या शतकातील फिनियन. हे मत सर्वमान्य नाही, पण टाळता येण्यासारखेही नाही.

६/ इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासातून हाती ‘असावे’ आणि ‘म्हणे’ एवढेच लागणार असेल, तर ही खटपट कशासाठी, असे माझ्या मनात कितीदा तरी येते. तेव्हा मी व्हिटहॉर्नच्याच पाचव्या शतकातील शिलालेखाकडे वळते. देवाचे स्तवन करून तो दोघांची नोंद करतो : लॅटिनस, वय ३५, आणि त्याची मुलगी, वय ४. तिचे नाव नाही. निनियनचाही उल्लेख नाही. तरीही त्या काळी तेथे ख्रिस्ती माणसे होती, एवढे तो दगड निःसंशय सांगतो.

७/ म्हणून, मित्रांनो, निनियनची कथा जरूर सांगा. ती सुंदर आहे. फक्त बीडने जवळपास तेराशे वर्षांपूर्वी जपलेले ‘म्हणे’ आपल्या हातून गळू देऊ नका.