चोवीस प्रश्नांचे नागरिकशास्त्र

ब्रिटनमध्ये स्थायिक होऊ पाहणाऱ्यांची ‘ब्रिटिश मूल्यांची’ परीक्षा 45 मिनिटांची असते. तीत 24 प्रश्न असतात आणि 18 बरोबर आले की उमेदवार पास होतो. नागरिकत्वासाठी ती 2005 मध्ये सुरू झाली, 2007 पासून कायम वास्तव्याच्या अर्जालाही लागू झाली. वयाची पासष्टी गाठलेल्यांना माफी आहे. लंडनच्या मराठी घरांत ती साधारणपणे कायम वास्तव्याच्या वेळीच उरकली जाते, कारण एकदा पास झाल्यावर नागरिकत्वासाठी पुन्हा बसावे लागत नाही.

अभ्यासाला एकच अधिकृत पुस्तक आहे. सध्याची तिसरी आवृत्ती 2013 ची. मूल्ये पहिल्याच प्रकरणात, मोजक्या पानांत आटोपतात: लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, वेगळ्या धर्माच्या व श्रद्धेच्या लोकांविषयी सहिष्णुता आणि समाजजीवनात सहभाग. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका पाहत वाढलेल्या माणसाला यात बिचकण्यासारखे काही नाही. पुढे मात्र अश्मयुगापासून इतिहास सुरू होतो आणि तो हटत नाही. हेस्टिंग्जची लढाई 1066, मॅग्ना कार्टा 1215, आठव्या हेन्रीच्या सहा राण्या क्रमाने, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार 1928.

मूल्ये थोडी, इतिहास फार, हे प्रमाण महाराष्ट्रातल्या शाळेतून आलेल्याच्या ओळखीचे आहे. तिथेही इतिहासाच्या शेपटाला नागरिकशास्त्र जोडलेले असे. वर्ष संपत आले की सर ते दोन तासांत ‘घेऊन टाकत’. इथेही मोबाइलवरचे सराव-प्रश्नसंच गाईडचे काम करतात, आणि पुस्तक न उघडता नुसत्या ‘अपेक्षित’ प्रश्नांवर पास होणारे निघतातच. फरक एकच, पण मोठा आहे. चारांतून एक निवडा, दोन निवडा, चूक की बरोबर सांगा, असे सगळे प्रश्न असतात. ‘कारणे द्या’ हा प्रश्नच नाही. सहिष्णुता अंगी आहे की नाही, हे पर्याय ‘ब’वर बोट ठेवून कळायचे नाही.

परीक्षेवर टीका ब्रिटनमधूनही झाली आहे. डरहॅम विद्यापीठाचे थॉम ब्रुक्स यांनी 2013 मध्येच दाखवून दिले की, नव्या पुस्तकात लंडन आयची उंची आहे, पण रुग्णवाहिका कशी बोलवावी हे गाळले आहे. उंची 135 मीटर आहे. जन्माने ब्रिटिश असलेल्या शेजाऱ्याला ती सहसा सांगता येत नाही आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही.

पुस्तक अगदीच रुक्ष नाही. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने 1810 मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी खानावळ काढली, हे त्यात आहे. ‘शाम्पू’ म्हणजे आपली चंपी, तीही त्यानेच इथे रुजवली. सर्वांत खरे नागरिकशास्त्र मात्र शेवटच्या प्रकरणात, शेजाऱ्यांविषयीच्या चार ओळींत सापडते: आवाज कमी ठेवा, बाग नीटनेटकी ठेवा, कचरा उचलायची वेळ असेल तेव्हाच पिशव्या आणि डबे रस्त्यावर आणा. आदल्या रात्री अख्खी गल्ली कोणत्या रंगाचा डबा बाहेर काढते हे पडद्याआडून पाहून मग आपला काढणे, हा नवागताचा पहिला नागरी संस्कार. पाचव्या मूल्याचेही तसेच. 1932 पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात सतरंज्या उचलणाऱ्याला समाजजीवनातला सहभाग पाठ करावा लागत नाही.

परीक्षेत नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते, कितीही वेळा. मराठी उमेदवाराची अडचण प्रश्नांत कमी आणि नावात जास्त असते. बँक, डॉक्टर, कचेरी यांच्याकडे फक्त नाव-आडनाव. भारतीय पासपोर्टवर मात्र स्वतःच्या नावाला वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव चिकटलेले. लग्नानंतर पासपोर्ट न बदललेल्या बाईचे आडनावही वेगळे. नोंदणीतले नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळले नाही, तर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणून नोंदणी करताना पासपोर्ट समोर उघडा ठेवावा आणि त्यावर जे आहे तेच, मधल्या नावासकट, उतरवावे. केंद्राच्या दारातून परत फिरावे लागले, तर फीचे 50 पौंड परत मिळत नाहीत.