मुकाट्याने वाचण्याचे सुख

वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या हाती केवढी सत्ता असते, याचा विचार आपण सहसा करत नाही. तो कंटाळवाणे वर्णन गाळतो, वाईट बातमी पातळ करून सांगतो आणि नायक-नायिका बागेत भेटली की नेमका खाकरतो. ऐकणाऱ्याने आपले उपकार मानायचे आणि गप्प बसायचे!

माझ्या आत्याने हे उपकार पन्नास वर्षे सोसले. तिची दृष्टी लहानपणीच गेली. दिवाळी अंक घरी आले की आम्ही भावंडे पाळीपाळीने तिला वाचून दाखवत असू. कथा कोणती वाचायची, हे अर्थातच आम्ही ठरवायचे.

पुढे बोलणारा फोन आला. पडद्यावरचा मजकूर तो मराठीत वाचतो. काही गाळत नाही, खाकरतही नाही. आत्या खूश झाली. पण सत्तरीकडे झुकताना तिचे कानही गेले आणि बोलका फोन तिच्यापुरता मुका झाला. डोळे नाहीत, कान नाहीत. मग वाचायचे कशाने?

बोटांनी! फ्रान्समधल्या एका खोगीर करणाऱ्याच्या मुलाला, लुई ब्रेलला, तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी हत्यार लागले आणि त्यातून पुढे दोन्ही डोळे गेले. त्याच मुलाने १८२९ साली, विशीत, उठावाच्या ठिपक्यांची आपली लिपी प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांतून ६३ आकृती निघतात. त्यांत आपली बाराखडीही बसली आहे, आणि मोठ्या गमतीने. कागदावर ‘कि’ची वेलांटी क-च्या आधी बसते, भारती ब्रेलमध्ये आधी क, मग इ, म्हणजे तोंडातून उमटते तसे.

आत्या ही लिपी शाळेत शिकली होती. पण मराठीत ब्रेल पुस्तके मोजकी. त्यातही कागद जाड, ठिपक्यांनी पाने फुगलेली आणि एका कादंबरीची अनेक बाडे. २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक निघाले, तेव्हा तिला सण झाल्यासारखे वाटले होते.

आता तिच्या मांडीवर एक लहानशी ब्रेल पट्टी असते. तीत वीस घरे आणि प्रत्येक घरात टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. विजेचा दाब मिळताच आतली चिनी मातीच्या जातीची चीप किंचित वाकते आणि ठिपका वर येतो. फोनमधला मजकूर असा बोटांखाली उमटतो. ओळ वाचून झाली की कळ दाबायची. जुनी अक्षरे बसतात, नवी उठतात. चित्र म्हणून साठवलेले पान मात्र, त्यातली अक्षरे यंत्राने आधी ओळखून दिल्याखेरीज, या पट्टीला कोरेच. आणि किंमत म्हणाल, तर आम्ही भावंडांनी वर्गणी काढली तेव्हा ती घरात आली.

यंदा वसुबारसेच्या दुपारी आत्या पट्टीवर बोटे फिरवत गालातल्या गालात हसत होती. माझ्या मुलाने राहवेना म्हणून फोनवर लिहिले, ‘आत्याआजी, काय वाचते आहेस?’ प्रश्न तिच्या बोटांखाली उमटला.

“तुला रे काय करायच्यात चांभारचौकशा?” आत्या म्हणाली आणि कळ दाबून पुढच्या ओळीवर गेली.

त्या कथेत काय होते, ते आम्हांला अजून कळलेले नाही.