मुकी गाठ

बार्शीच्या बाजारपेठेत आडतीचे दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थांना दीड वर्षापासून अधूनमधून पोटात कळ येत असे. ते गादीवरच कुशीला वळत, हिंग-ओवा घेत. तासाभरात पोट सैल होई आणि लक्ष पुन्हा काट्याकडे जाई. घरी त्यांनी कोणालाच सांगितले नाही. हिशेबात पैशाची चूक न खपवून घेणारा हा माणूस देहाची थकबाकी मात्र पुढे ढकलीत राहिला.

तुरीच्या हंगामात एका रात्री आलेली कळ थांबेना. पोट फुगले, हिरवट उलट्या होऊ लागल्या, वारा सरेना. धाकट्या भावाने काळजीने एरंडेलाची वाटी पुढे केली. पत्नीने ती बाजूला सारली. "घरचे औषध पुरे झाले, भाऊजी. गाडी काढा."

पहाटे सोलापुरात सीटी स्कॅन झाले. लहान आतड्याच्या आत चरबीची गाठ होती. आतड्याची नित्याची हालचाल तिला अन्नासारखी पुढे रेटीत होती. तिच्यामागोमाग आतड्याचा भाग ओढला जाऊन, बाहीत बाही शिरावी तसा, पुढच्या भागात शिरला होता. जुन्या कळांचा उलगडाही झाला: तेव्हा तो आपोआप सुटत असावा.

शल्यचिकित्सकांनी समजावले की, अशी गाठ कर्करोगाची नसते. पुष्कळांना ती जन्मभर कळतही नाही. साधारण दोन सेंटिमीटरहून मोठी झाली की त्रासाची शक्यता वाढते. मात्र अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते सडते, आणि वाट बंद असताना दिलेले रेचक घातक ठरू शकते. हे ऐकून धाकटे भाऊ भिंतीला टेकून खाली बसले.

गाठीसह आतड्याचा तेवढा भाग काढून दोन्ही टोके जोडण्यात आली. गाठ पिवळसर, लिंबाएवढी होती. तपासणीचा अहवाल येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. तो आला: गाठ निव्वळ चरबीची.

घरी परतल्यावर धाकटे भाऊ एरंडेलाची बाटली टाकून द्यायला निघाले. थोरल्यांनी त्यांना थांबविले.

"बाटलीचा काय दोष? दीड वर्ष तुम्हा सर्वांपासून दुखणे लपविले, ते मी."