सान मार्कोच्या कोठड्यांतून

फ्लॉरेन्सला जाणारा प्रवासी चित्रे पाहून दमतो. त्याचा दोष नाही, शहरच तसे आहे. उफिझीची दालने संपता संपत नाहीत, आणि तेथून सुटावे तर अकादेमियात मायकेलँजेलोचा डेव्हिड उभा, त्याच्यापुढे ही लांबलचक रांग! दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत मरियामाता आणि बाळ येशू यांची इतकी चित्रे डोळ्यांखालून जातात, की कोणते कोणाचे हे सांगता येत नाही, आणि आता पुरे असा एक चोरटा विचार मनात डोकावू लागतो. ज्याच्या मनात तो डोकावला असेल त्याने डेव्हिडचा निरोप घेऊन पाचएक मिनिटे चालावे आणि सान मार्कोच्या मठात शिरावे. येथेही चित्रेच आहेत, तीही येशूची आणि मरियेचीच. पण ती तुमच्याआमच्यासाठी काढलेली नाहीत.

हा मठ 1436 साली पोप चौथा यूजीन याने फिएसोलेच्या दोमिनिकन संन्याशांच्या हवाली केला. इमारत मोडकळीस आलेली होती. ती नव्याने उभी करण्याचा खर्च उचलला कोसिमो द मेदिचीने. कोसिमो म्हणजे फ्लॉरेन्सचा सर्वांत मोठा पेढीवाला, आणि पेढी म्हटली की व्याज आले. व्याज घेणे तर ख्रिस्ती धर्मात त्या काळी पाप! वेस्पासियानो नावाच्या एका समकालीन ग्रंथविक्रेत्याने लिहून ठेवले आहे, की आपला सारा पैसा सरळ मार्गाने आलेला नाही ही टोचणी कोसिमोने पोपपुढे बोलून दाखवली, तेव्हा पोपने सान मार्कोवर दहा हजार फ्लोरिन खर्च करण्यास सांगितले. कोसिमोने चाळीस हजारांच्या वर खर्च केला. टोचणी मोठी असावी. मिकेलोत्सोने बांधकाम केले, आणि भिंती रंगवण्याचे काम त्याच पंथातील एका संन्याशाकडे गेले.

त्याचे घरचे नाव गुइदो, मठातले फ्रा जोव्हान्नी. फ्रा आंजेलिको, म्हणजे देवदूतासारखा बंधू, हे नाव लोकांनी त्याला मागाहून दिले. व्हासारी सांगतो, की प्रार्थना केल्याशिवाय तो कुंचल्याला हात लावीत नसे, क्रूसावरचा ख्रिस्त रंगवताना त्याचे गाल भिजत, आणि एकदा काढलेले तो कधी दुरुस्त करीत नसे, कारण देवाची इच्छा तशीच होती असे तो मानी. व्हासारी शंभरएक वर्षांनी लिहीत होता आणि त्याला गोष्ट खुलवून सांगण्याची हौस होती, तेव्हा अश्रूंचा हिशेब फार काटेकोर धरू नये. दुरुस्तीचे मात्र पटते. ही भित्तिचित्रे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. एका दिवसात रंगवून होईल एवढाच गिलावा सकाळी लावायचा आणि तो वाळण्याच्या आत काम उरकायचे. रंग चुन्यातच मुरतो, मग खोडाखोड कसली? अशा कामाला चित्त आधीच स्थिर लागते. 1982 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ह्या चित्रकाराला धन्य म्हणून घोषित केले. चित्रकारांच्या वाट्याला सहसा न येणारा हा मान.

तळमजल्यावरचा चौक ओलांडून जिना चढू लागले, की वरच्या टोकाला देवदूत आणि मरिया एकदम सामोरी येतात. तुला पुत्र होईल आणि तो देवाचा पुत्र असेल, हा निरोप घेऊन गाब्रिएल आला आहे. मरिया एका साध्या तिपाईवर बसली आहे. पाठीमागच्या खोलीत काही नाही, फक्त एक गजांची छोटी खिडकी. चित्राखाली लॅटिनमध्ये सूचना आहे, तिचा आशय असा: ह्या मूर्तीपुढून जाताना वंदन करायला विसरू नकोस. संन्याशी रोज ह्याच जिन्याने ये-जा करीत. प्रार्थनेला जाताना वंदन, झोपायला जाताना वंदन. चित्र पाहायचे नव्हते, त्याच्याशी बोलायचे होते.

वर लांबलचक बोळ, आणि दोन्ही अंगांना कोठड्या, चाळीसहून अधिक. प्रत्येक कोठडीत एक खिडकी आणि एक चित्र. एका संन्याशाने एका कोठडीत राहायचे. कोणाच्या वाट्याला क्रूस येई, कोणाच्या वाट्याला पुनरुत्थान. अदलाबदल करून पाहावी अशी सोय नव्हती. आपण तासाभरात सगळ्या कोठड्या उरकतो. ज्याच्यासाठी चित्र काढले तो वर्षानुवर्षे एकाच चित्रासमोर उठत होता आणि निजत होता.

तिसऱ्या कोठडीत पुन्हा तोच देवदूत आणि तीच मरिया आहे. पण जिन्याजवळची बाग, फुले, नक्षीचे खांब सारे गेले. उरली आहे एक पांढरी कमानदार जागा, संन्याशाच्या कोठडीसारखीच. मरिया गुडघ्यांवर आली आहे. डाव्या कडेला हात जोडून कोणी उभा आहे आणि त्याच्या डोक्यातून रक्त येते आहे. हा दोमिनिकन पंथाचा हुतात्मा पीटर, तेराव्या शतकातला. मरियेच्या घरी तो असणे शक्य नाही. मग तो तेथे कशाला? कसे पाहावे हे दाखवण्यासाठी. तो पुढे येत नाही, विचारीत नाही, नुसता उभा आहे. देव माणसाच्या दारी येतो तेव्हा गाजावाजा होत नाही, एका रिकाम्या खोलीत एक मुलगी हो म्हणते, आणि ते ऐकायला आपणही तितकेच गप्प असावे लागते. हे ख्रिस्ती धर्मातले एक मोठे तत्त्व. शेकडो प्रवचनांचे काम ती रिकामी भिंत करते.

सातव्या कोठडीपाशी मात्र आमचा बराच वेळ गेला. विषय येशूच्या विटंबनेचा. शिपायांनी त्याचे डोळे बांधले, त्याच्यावर थुंकले, त्याला मारले आणि कोणी मारले ते ओळख म्हणाले, अशी कथा शुभवर्तमानात आहे. दुसरा कोणी चित्रकार असता तर त्याने दहा राकट शिपाई उभे केले असते. आंजेलिकोने एकही काढलेला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेला येशू शुभ्र वस्त्रांत शांत बसला आहे आणि त्याच्याभोवती हवेत नुसते हात आहेत. एका हातात काठी. बाजूला एक मुंडके थुंकते आहे आणि त्याच मुंडक्याचा एक सुटा हात अदबीने टोपी उचलतो आहे!

"अहो, ह्या हातांना माणसेच नाहीत," सौ. हळूच म्हणाली.

मी म्हटले, "डोळे बांधलेत ना, त्याला माणसे कशी दिसणार?"

"त्याला नाही दिसली तरी आपल्याला दिसायला हवीत. आपल्या डोळ्यांवर कुठे पट्टी आहे?"

ह्यावर मला उत्तर सुचले नाही, आणि अजूनही मला तिचेच म्हणणे बरोबर वाटते. शिपाई काढले असते तर पाप त्यांचे ठरले असते, आपण सुटलो असतो. सुटा हात कोणाचाही असू शकतो. कोठडीतल्या संन्याशाने दिवसभरात कोणाला टोचून बोलले असेल, कोणाची थट्टा केली असेल, तर रात्री तो हात त्याला ओळखीचा वाटला असेल. चित्राच्या पुढच्या भागात मरिया आणि संत दोमिनिक खाली बसलेली आहेत, आणि दोघांपैकी एकही मागे वळून पाहत नाही. दोमिनिक तर मांडीवर पुस्तक घेऊन वाचतो आहे. प्रथम हे निर्दय वाटते. मग लक्षात येते, की तो हेच वाचतो आहे. मागे जे दिसते ते त्याच्या मनात चाललेले आहे.

नवशिक्या संन्याशांच्या बोळात गेले की कंटाळा येण्याचा संभव आहे. प्रत्येक कोठडीत क्रूसावरचा ख्रिस्त आणि पायाशी दोमिनिक. बदलते ती दोमिनिकची ठेवण. कोठे हात पसरलेले, कोठे जोडलेले, कोठे पाठीवर चाबूक ओढणारा. हा संत कोणकोणत्या नऊ प्रकारे प्रार्थना करी याचे एक जुने पुस्तक पंथात होते, त्याचाच हा भिंतीवरचा धडा. पोरांना तालीम दिल्यासारखे आहे. मला ही चित्रे फारशी रुचली नाहीत, पण तालमीत रुचीचा प्रश्न नसतो.

दुसऱ्या टोकाला कोसिमोची कोठडी. इतरांना एक, त्याला दोन, एकीवर एक. अधूनमधून येऊन चिंतन करण्यासाठी त्याने ती राखून ठेवली होती. तिथले चित्र इतरांपेक्षा मोठे आणि भपकेदार: पूर्वेकडचे राजे लवाजम्यासह बाळ येशूपुढे भेटी ठेवीत आहेत. धनिकाने देवापुढे आपले धन ठेवावे, हा बोध कोसिमोला सोयीचा होता असे म्हणावेसे वाटते. पण म्हातारा राजा गुडघे टेकून बाळाच्या पायाशी आला आहे, तेवढे त्या पेढीवाल्याला रोज पाहावे लागत असेल, तर तेही काही थोडे नव्हे.

आणि नवशिक्यांच्या बोळाच्या शेवटी साव्होनारोलाच्या खोल्या आहेत. 1491 साली तो ह्या मठाचा प्रमुख झाला. ह्याच बोळांतून तो हिंडला, जिन्यावरच्या मरियेला त्यानेही वंदन केले असणार. आणि 7 फेब्रुवारी 1497 रोजी त्याच्याच शिकवणीवरून शहराच्या मोठ्या चौकात आरसे, गंजिफा, वाद्ये, पुस्तके आणि चित्रे यांची होळी झाली. पुढच्या वर्षी, 23 मे 1498 रोजी, त्याच चौकात त्याला दोन सोबत्यांसह फाशी देऊन जाळण्यात आले. आंजेलिकोच्या चित्रांच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला चित्रे जाळावीशी वाटली, हे कोडे त्या खोल्यांत उभे राहून सुटत नाही. कदाचित त्याला ह्या मठातली चित्रे चित्रे वाटतच नसतील. ती प्रार्थना, बाहेरची ती चैन. पण अशी रेघ ओढायला निघालेल्या माणसाच्या हाती काठी यायला वेळ लागत नाही.

त्या दिवसांत बाच्चो नावाचा एक तरुण चित्रकार त्याचा भक्त होता. त्याने स्वतःची नग्नाकृतींची रेखाटने आपल्या हाताने आगीत टाकली, असे व्हासारी सांगतो. साव्होनारोलाला पकडायला जमाव मठावर चालून आला, तेव्हा तो आत होता. यातून वाचलो तर संन्यास घेईन असे त्याने मनाशी ठरवले. 1500 साली त्याने तो घेतला, फ्रा बार्तोलोमेओ झाला, आणि चित्रकला सोडून दिली. काळ्या पार्श्वभूमीवर काळी टोपडी घातलेल्या साव्होनारोलाचे त्याने काढलेले चित्र मठात आहे. ते पाहून आम्ही खाली चौकात आलो. चार वर्षे त्याने कुंचला हातात धरला नाही, आणि 1504 साली ह्याच मठात राहून तो पुन्हा रंगवू लागला.