तोच तास दोनदा

मुलांची शाळेची बस चुकू नये म्हणून आपण स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतो. त्यात काही नवल नाही. पण अख्ख्या देशानं एका रात्रीत आपली घड्याळं तासभर मागे सारायची, हे ऐकलंय कधी? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते दर वर्षी होतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. इंग्लंडात त्याच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आपल्याकडे कोणी घड्याळाला हात लावत नाही. तरीही मुलुंडच्या आमच्या घरात त्या दिवसापासून जेवणाची वेळ बदलते. कारण मी कॉम्प्युटर प्रोग्रॅमर आहे आणि ज्यांचं काम करते ती मंडळी न्यूयॉर्कला बसतात. त्यांची सकाळी साडेनऊची बैठक म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे सात आणि थंडीत आठ.

आठवड्यातले तीन दिवस मी ऑफिसात जाते, दोन दिवस घरून काम. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोनं मरोळ नाका आणि २०२४च्या ऑक्टोबरपासून पुढे भुयारी मेट्रोनं सीप्झ. हे सीप्झ १९७३ सालचं. माझ्या आधीच्या पिढीनं इथल्यासारख्याच ऑफिसांतून २००० साल उजाडण्याआधी जुन्या प्रोग्रॅममधले वर्षाचे दोन आकडे चार करण्यात रात्री घालवल्या. आमच्या वाट्याला तेवढं नाही आलं, पण घड्याळ काही सुटलं नाही.

प्रोग्रॅमर म्हणजे दिवसभर खटाखट टाइप करणारी बाई, असं माझ्या शेजारणींना वाटतं. खरं सांगू? माझा निम्म्याहून अधिक वेळ दुसऱ्यानं लिहून ठेवलेलं वाचण्यात जातो. परक्या स्वयंपाकघरात शिरावं, तिथल्या बाईनं हळद कुठे ठेवलीय ते शोधावं आणि मुख्य म्हणजे तिथेच का ठेवली असेल याचा विचार करावा, तसं ते काम. डबा उगीच हलवला की तिसरंच काहीतरी सांडतं.

आता या घड्याळाचंच बघा. तिकडे त्या रात्री दोन वाजता काटा मागे घेऊन एकवर आणतात. म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येतो! घरबसल्या खरेदी करणाऱ्यांना रात्र काय आणि दिवस काय. एक बिल दीडला झालं, तासाभरानं दुसरंही दीडलाच झालं. मग आधीचं कोणतं? माल परत केल्याची नोंद तो विकत घेतल्याच्या आधी पडली, की हिशेब फिसकटला. म्हणून शहाणे प्रोग्रॅमर आतली नोंद एकाच न हलणाऱ्या घड्याळानं, ग्रीनिचच्या वेळेनं करतात आणि माणसाला दाखवताना तेवढी तिथली वेळ करून दाखवतात. जुन्या प्रोग्रॅममध्ये सगळीकडे हे पाळलेलं नसतं. ते शोधून दुरुस्त करायचं काम २०२४च्या शरदात माझ्याकडे आलं होतं.

शरद म्हणजे आपल्याला नवरात्र, कोजागरी, दिवाळी. आणि हो, ऑक्टोबरचं ते जीव नकोसा करणारं ऊन. आमच्या धंद्यात हाच घाईचा मोसम. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंग, मग नाताळ. त्या गर्दीत काही बिघडू नये म्हणून दुकानवाले प्रोग्रॅममधले बदलच बंद ठेवतात. त्याला आम्ही ‘फ्रीझ’ म्हणतो. मग जी काय उस्तवार करायची ती त्याआधी, म्हणजे बरोबर आपल्या फराळाच्या दिवसांत. माझी तक्रार नाही. पगार चांगला आहे, काम डोक्याला खाद्य देणारं आहे. पण त्यात आपला असा एक तास उरत नाही, तो राखावा लागतो.

‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा सल्ला तुम्हीही पुष्कळदा वाचला असेल. मला तो कधीच पटला नाही. वेळ म्हणजे काय डब्यातला लाडू आहे, झाकण उघडलं की निघाला? तो घरातल्या कोणाकडून तरी घ्यावा लागतो आणि आपण तो दिलाय हे देणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. आमच्या ऑफिसात रात्री काही बंद पडलं तर कोणाला उठवायचं, याची पाळी लावलेली असते. कागदावर नाव असतं. ज्याचं नाव त्याचं काम, बाकीच्यांनी खुशाल झोपावं. मी तसाच कागद आमच्या फ्रिजवर लावला. रविवार, सकाळी सहा ते दहा: ‘बाबा’. त्याच्याखाली नियम: पाळीवरच्या माणसानं आधी स्वतः शोधावं, मगच फोन करावा.

हे म्हणाले, “दूध उतू गेलं तर?”

“उतू गेल्यावर मला फोन करून काय होणार?”

सासूबाई हसल्या. पुढचे दोन रविवार साबुदाण्याची खिचडी गोळा झाली आणि मला फोन आला नाही. गोळा खाऊन कोणी आजारी पडलं नाही, हेही सांगून ठेवते.

हे चार तास मला कशाला हवे होते? जंगलात भटकायला. माझं माहेर बोरिवलीचं. राष्ट्रीय उद्यान शाळेच्या सहलीत पहिल्यांदा पाहिलं आणि तो छंद लागला तो लागलाच. एक वही ठेवते, कधी काय फुललं, कोण पाहुणा आला, ते लिहिते. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओढ्याकाठी शेपटी वरखाली हलवत करडा धोबी दिसला, की पावसाळा सरला म्हणून समजावं. हिमालयाकडून येतो बिचारा, आणि त्याला कोणाची बैठक नसते.

वहीत एक पान मात्र कोरं होतं, कारवीचं. आपल्या इथली कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. डोंगरउतारावरची सगळी झुडपं एकदम निळी-जांभळी होतात, मधमाश्या तुटून पडतात, बी धरतं आणि ती सगळीच्या सगळी वाळून जातात. मग नवी रोपं, आणि पुन्हा आठ वर्षं. २००८ साली ती फुलली तेव्हा माझी पहिली नोकरी नुकती लागली होती, सुट्टी मागायची सोय नव्हती. २०१६ साली लेक तीन महिन्यांची. आता २०२४. चुकलं की एकदम २०३२, आणि तेव्हा गुडघे डोंगर चढू देतील की नाही कोण जाणे.

गणपती गेले, आणि पुढचा रविवार २२ सप्टेंबरचा. आमच्या खिडकीतून उद्यानाचे डोंगर दिसतात, पण फाटक पलीकडे बोरिवलीला. म्हणून आदल्या रात्रीच लेकीला घेऊन भावाकडे मुक्कामाला गेले. त्या दिवशीही कामाचं ओझं होतंच, पण पाळी दुसऱ्याची होती. फोन बंद केला. कान्हेरीच्या बाजूला चढलो. बहर ओसरू लागला होता, तरी पुष्कळ होता. लेकीनं हात न लावता फुलं मोजायला सुरुवात केली, शंभरावर गेल्यावर कंटाळली. “हिचं आणि माझं वय सारखंच की,” म्हणाली. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सासूबाईंना फोटो दाखवले, तर त्यांनी फुलांकडे पाहिलंच नाही. “याच्याच काठ्या उभ्या करून वर शेणमाती लिंपायची. आमच्या पडवीला कारवीचा कुड होता,” म्हणाल्या. मग तासभर कोकणातल्या घराच्याच गोष्टी. सून झाल्यापासून इतकं कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाची माझी संध्याकाळ तिकडच्या एका सहकाऱ्यानं सांभाळली. त्याच्या बदल्यात नाताळची पाळी मी घेतली. अशी देवघेव आमच्यात चालते आणि दोघंही खूश असतात. पण भाऊबीज आली रविवारी, ३ नोव्हेंबरला. नेमकी घड्याळ मागे जाण्याची तारीख! तिकडचा तो पहिला एक वाजणार आपल्या साडेदहाला आणि दुसरा साडेअकराला. बदल मी केलेले, तेव्हा बसायला मीच हवी.

भाऊ-वहिनींना सकाळी लवकर बोलावलं, दहाच्या आत ओवाळलं. मग मी खोलीत आणि बाहेर ह्यांची पाळी. बरोबर बाराच्या ठोक्याला तिकडे दुसऱ्यांदा दीड वाजला. बिलं एकामागून एक येत होती, आणि ओळीनं लागत होती. लेक माझ्या खुर्चीमागे उभी. “यात बघायचं काय आहे?” तिनं विचारलं. काहीच नाही, म्हटलं, हेच तर बघायचं होतं.

साडेबाराला उठले. पुऱ्या ह्यांनी तळल्या होत्या, थोड्या कडकच. सोमवारपासून बैठक आठला गेली, म्हणून आता मार्चपर्यंत आम्ही साडेसातलाच जेवतो. सासूबाईंना हे फार सोयीचं पडतं, त्यांना लवकर जेवायची सवय आहे.