खुराक आणि मेहनत

सर्जा घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. जर्मन शेफर्डचं पिल्लू. कान अजून पडलेले, पंजे मात्र दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे थोराड. ते पंजे बघून मी त्याच दिवशी ठरवलं, की हा गडी आमच्या पेठेतला सगळ्यात दांडगा कुत्रा होणार. पुढच्या बहुतेक चुका या ठरवण्यातूनच झाल्या.

माझं लहानपण साताऱ्यात तालमीच्या आसपास गेलं. मी स्वतः कधी लंगोट बांधला नाही, पण 'खुराक आणि मेहनत' हे दोन शब्द कानांत पक्के बसलेले. तेच मी पिल्लाला लावलं. पिल्लांसाठी मिळणारं तयार खाद्य होतंच. त्यावर सकाळी अर्धा लिटर म्हशीचं दूध, दोन उकडलेली अंडी आणि दोन्ही वेळच्या खाण्यात कॅल्शियमचं औषध. ते कुणी लिहून दिलं नव्हतं. 'कान लवकर उभे राहतात' असं दुकानदार म्हणाला आणि मी बाटली घेऊन आलो. दुधाने त्याचं पोट महिनाभर ढिलं होतं. मी नळाच्या पाण्याला दोष देत राहिलो. बाहेर न्यायला लागल्यावर दर रविवारी ओळखीच्या भुसार दुकानात पोत्यांच्या काट्यावर त्याला उभं करायचो आणि आकडा वहीत लिहायचो. पाचव्या महिन्यात २४ किलो भरला, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

मेहनतीसाठी अजिंक्यतारा. पहाटे साडेपाचला डांबरी रस्त्याने चढायचं, पायऱ्या चढून दरवाजातून आत, मंगळाई देवीपर्यंत जायचं आणि तसंच खाली. दोरी माझ्या हातात, वेगही माझा. अर्ध्या चढावर सर्जा बसकण मारायचा. मला वाटायचं, नखरे करतोय. घरी आला की दुपारपर्यंत मेल्यासारखा झोपायचा आणि मी बायकोला सांगायचो, बघ, कसा दमवला! संध्याकाळी जिन्यावरून चेंडू टाकायचा खेळ. खाली हॉलमध्ये गुळगुळीत फरशी. चेंडूमागे धावताना त्याचे चारी पाय चार दिशांना जायचे, पोरं खदखदून हसायची, मी व्हिडिओ काढायचो. ते व्हिडिओ अजून फोनमध्ये आहेत. बघवत नाहीत.

एका सकाळी तो पुढचा डावा पाय टेकवेना. मुरगळला असेल म्हणून मी घरात पडलेली दुखण्यावरची गोळी, माणसांची, अर्धी करून पेढ्यात घालून दिली. रात्री त्याने दोनदा ओकारी काढली. दुसऱ्या दिवशी शी डांबरासारखी काळी.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरचं काही औषध दिलंत?"

मी म्हणालो, "नाही."

मागून बायको म्हणाली, "दिलीय मॅडम. अर्धी गोळी."

त्या खोटेपणाची लाज मला गोळीपेक्षा जास्त वाटते. आपल्याला चालणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, मूत्रपिंडंही जाऊ शकतात. मॅडमना गोळीचं नाव वेळेवर कळलं म्हणून उपचार लागू पडले. पाच दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाली. ते पैसे कशाचे गेले ते मला ठाऊक आहे.

पुढचा पाय बरा झाला आणि दहा दिवसांनी मागचा उजवा लंगडायला लागला. मी चक्रावलो. एक्स-रे काढल्यावर दुखण्याचं नाव कळलं: पॅनऑस्टायटिस. वाढत्या वयाच्या मोठ्या जातींच्या कुत्र्यांत लांब हाडं आतून दुखतात. आज हा पाय, उद्या तो. जर्मन शेफर्डच्या नरांमध्ये हे जास्त दिसतं आणि वाढ पूर्ण होता होता आपोआप थांबतं. मला जरा हायसं वाटलं. म्हणजे माझी चूक नव्हती तर! मॅडमनी ते सुख फार वेळ टिकू दिलं नाही. खुराक विचारला. मी अभिमानाने यादी सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मोठ्या कुत्र्याच्या शरीराला नको असलेलं कॅल्शियम आतडी बाहेरच ठेवतात. लहान पिल्लाला, निदान सहा महिन्यांपर्यंत, ते नीट जमत नाही. पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात मुरतं आणि हाडं वेडीवाकडी घडतात. तयार खाद्यात ते आधीच मापात घातलेलं असतं. वरून बाटली ओतली की माप बिघडलं. शिवाय हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती मोठ्या जातींत सव्वा-दीड वर्षापर्यंत पुरती भरत नाही. त्या कोवळ्या सांध्यांवर मी वाढवलेलं वजन ठेवून रोज गड चढवत होतो. कानांचं म्हणाल तर ते दात बदलून होईपर्यंत वर-खाली होतच राहतात.

मॅडमनी एक अभ्यासही सांगितला. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला घातलं, तेही जन्मभर. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणारी कुत्री सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधे उशिरा झिजले. मी वहीतला २४ चा आकडा आठवला आणि गप्प बसलो.

खरी चपराक मात्र शेजारच्या नानांनी दिली. नाना जुने वस्ताद. सर्जाला लंगडताना बघून त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "आरं, बारकं पोरगं तालमीत आलं तर आमी त्याला काय करतो? मातीत लोळवतो नुसतं. जोर-बैठका मागनं. तुला कुनी शिकवली रं ही तालीम?"

म्हणजे ज्या तालमीच्या जोरावर मी हे सगळं केलं, तीही मला धड माहीत नव्हती.

मग दोरी सैल झाली. आता सकाळी आम्ही मातीच्या रस्त्याने जातो आणि वेग सर्जाचा. एका खांबाशी तो चार मिनिटं उभा राहतो. आधी माझा जीव वरखाली व्हायचा. आता कळतं, तो वास घेत नसतो, पेठेचं वर्तमानपत्र वाचत असतो. अर्धं खाणं जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून देतो. ते हुडकण्यात वीस मिनिटं जातात आणि गडावरून आल्यावर झोपायचा तसाच तो शांत झोपतो. हॉलमध्ये जुनी सतरंजी अंथरली, जिन्याला फळी लावली.

एक चूक मात्र भरून आली नाही. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चार महिन्यांचा होईपर्यंत, मी त्याला दाराबाहेर काढलंच नाही. पार्व्हो रोगाची भीती खरी होती, पण कडेवर घेऊन रस्ता, माणसं, गाड्या दाखवता आल्या असत्या. जग बघून घ्यायचं त्याचं वय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत. त्यातला घरी आल्यानंतरचा सगळा काळ त्याने आमचा हॉल बघितला. आजही हेल्मेट घातलेला माणूस दिसला की तो माझ्या पायांमागे जातो. पावसाळ्यात रेनकोटवाल्यांचंही तेच.

दीड वर्षाचा झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला. डावा खुबा चांगला आहे, उजवा थोडा सैल. त्यात रक्तातून आलेलं किती आणि गडाचं किती, हे मी मॅडमना विचारलेलं नाही. वजन ३२ किलो. 'बारीक दिसतोय' असं लोक म्हणतात. पेठेतला सगळ्यात दांडगा कुत्रा मागच्या गल्लीतल्यांचा आहे.